रिव्हॉल्वरच्या लाकडी मुठीची डागडुजी: लोक सारखं सारखं विचारतात ते प्रश्न (गोव्याच्या हवेसकट)

बापाची ३२ बोरची रिव्हॉल्वर माझ्या लायसन्सवर आली तेव्हापासून तिच्या मुठीवर माझे किती रविवार गेले त्याचा हिशोब नाही. मी गनस्मिथ नाही. लाकूडकामाचा नाद आहे एवढंच, आणि घराच्या मागे एक मेस्त (सुतार) राहतो त्याच्याकडे बसून बसून थोडं शिकलो. ओळखीतले लायसन्सवाले लोक आणि शूटिंगला जाणाऱ्या पोरांचे आईबाप तेच तेच विचारतात म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकलं.

सगळ्यात आधी काय करायचं?

गन रिकामी आहे का बघायचं. मग परत बघायचं, प्रत्येक चेंबरवर बोट फिरवून. काडतुसं दुसऱ्या खोलीत. हे वाचून "माहितीये हो" म्हणणारेच जास्त घाई करतात असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट, आपल्या कायद्यात म्हणजे आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ मध्ये शस्त्राच्या दुरुस्तीला वेगळं लायसन्स लागतं, तुमचं बाळगायचं लायसन्स त्याला चालत नाही. म्हणून धातूच्या कुठल्याही भागाला हात लावायचा नाही, स्प्रिंग नाही, ट्रिगर नाही, नंबर कोरलेला असतो तिथे तर पॉलिशचं फडकंसुद्धा नाही. मी स्वतः काय करतो, लायसन्सवाल्या डीलरकडून मुठीच्या दोन पट्ट्या काढून घेतो, गन लॉकरमध्ये परत जाते आणि टेबलावर फक्त लाकूड येतं. पूर्ण गन सुताराकडे टाकून "उद्या येतो" असं तर चुकूनही करू नका, त्याच्याकडे लायसन्स नाही, म्हणजे तो पण अडकणार आणि तुम्ही पण.

माझी मूठ झिजलीय, खराब झालीय असंच समजायचं ना?

नाही. झीज वेगळी आणि नुकसान वेगळं, आणि खरं सांगायचं तर हे सगळं मी एवढ्यासाठीच लिहितोय. आमच्या मुठीला उजव्या पट्टीवर, जिथे तळहात बसतो तिथे एक गुळगुळीत खोलगट जागा आहे, तिथलं चेकरिंग (पकडीसाठी कोरलेलं बारीक जाळं) पूर्ण गेलंय आणि लाकूड जुन्या पोळपाटासारखं चमकतं. बाप खाणीच्या दिवसांत पगाराची रोकड घेऊन फिरायचा, हात सतत तिच्यावर. ते मी भरून काढायला गेलो असतो तर काय उरलं असतं? नवीन मूठ बाजारात मिळते की.

नुकसान म्हणजे भेग, तुटलेला कोपरा, स्क्रूच्या भोवती फुटलेलं लाकूड, तेल मुरून भुसभुशीत झालेला भाग, बुरशी, वाकडी झालेली पट्टी. हे दुरुस्त करा. बाकीचं आधी महिनाभर नुसतं बघत राहा.

हे लाकूडच आहे हे कसं ओळखायचं?

पट्टी उलटी करून मागची बाजू बघा. लाकडाचे रेषे समोरून मागे जातात, प्लास्टिकला मागे साच्याच्या खुणा किंवा आकडे असतात. जुन्या कित्येक पिस्तुलांना कडक रबराच्या किंवा बेकेलाइटच्या पट्ट्या असतात, काळ्या-तपकिरी, लांबून अगदी शिसवी वाटतात. खाली जे अ‍ॅसिटोनचं लिहिलंय ते अशा पट्टीवर केलंत तर पृष्ठभाग मेला म्हणून समजा.

लाकूड असेल तर बहुतेक वेळा अक्रोड. जगभर बंदुकीला अक्रोडच का, तर ते वजनाला माफक, घट्ट, धक्क्याला फुटत नाही आणि बारीक कोरता येतं. आपल्याकडे काश्मीरचं अक्रोड प्रसिद्ध. नवीन पट्टी बनवायची तर गोव्यात शिसवी सहज आठवते, जुन्या घरातल्या मोडक्या खुर्चीचा पाय मिळाला तर सोनंच, फक्त तिची भुकटी नाकात-अंगावर गेली की कित्येकांना खाज आणि शिंका सुरू होतात, मास्क लावा. हस्तिदंत किंवा सांबरशिंगाची मूठ वारशात आली असेल तर तिला हात लावू नका, विकायचा विचार तर मुळीच नको, तिथे १९७२ चा वन्यजीव कायदा येतो, वकिलाला विचारा.

स्क्रू काढला तरी पट्टी निघत नाही, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू का?

नको!! पावसाळ्यात विचारताय ना? लाकूड दमट हवेत रेषांच्या आडव्या दिशेला फुगतं, लांबीला जवळपास नाही, म्हणून पट्टी फ्रेममध्ये आवळून बसते. उचकटलंत की कडेचा तुकडा हमखास जातो. एसी खोलीत किंवा सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या हवाबंद डब्यात चार-पाच दिवस ठेवा, आपोआप सैल होते. मग स्क्रू पूर्ण न काढता दोन-तीन आटे सैल करायचा आणि स्क्रूच्या डोक्यावर स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने हलकेच टकटक करायचं, समोरच्या बाजूची पट्टी आतून ढकलली जाऊन सुटते. एक सुटली की दुसरी आतून बोटाने.

आणि स्क्रूड्रायव्हर खाचेत अगदी बरोबर बसणारा पाहिजे. घरातला पाचराच्या आकाराचा घेतलात तर तो खाचेतून वर सरकतो आणि लाकडावर एक लांब ओरखडा मारूनच थांबतो, माझ्या डाव्या पट्टीवर आहे तसा, दाखवीन कधीतरी.

लाकूड काळं पडलंय, हाताला तेलकट लागतं. सँडपेपर मारू?

सँडपेपरने तेल जात नाही, लाकूड जातं. हे काळेपण वर्षानुवर्षं गन ऑइल मुरल्याचं असतं. लोक गनला तेल घालतात ते पावसाच्या भीतीने ढोसूनच घालतात, गन उभी ठेवली की ते सगळं खाली मुठीत उतरतं आणि तिथलं लाकूड मऊ पडतं. स्क्रूभोवती आधी.

माझी पद्धत अशी. मुलतानी माती घ्यायची, चेहऱ्याला लावतात तीच, फक्त सुगंध वगैरे न घातलेली साधी. ती अ‍ॅसिटोनमध्ये दाटसर कालवायची, इडलीच्या पिठाएवढी, आणि पट्टीवर आतून-बाहेरून जाड थर द्यायचा. अ‍ॅसिटोन लाकडातलं तेल पातळ करतो, उडताना वर खेचतो, आणि माती ते पिऊन घेते. वाळल्यावर माती पिवळसर-तपकिरी झालेली दिसते, ती ब्रशने झटकायची आणि परत नवीन थर. माझ्या बाबतीत सहाव्या थराला माती जवळजवळ पांढरट राहिली तेव्हा थांबलो. लाकूड फिकट रंगाचं असेल तर मातीऐवजी साधी खडूची पूड, कारण मातीचा रंग रेषांत अडकतो. रांगोळी वापरू नका, ती खरखरीत असते.

हे उघड्यावर करा, सोप्यावर किंवा अंगणात, जवळ गॅस नको, समई नको, उदबत्ती पण नको. अ‍ॅसिटोनची वाफ दिसत नाही पण पेट घेते. नेलपॉलिश रिमूव्हर चालेल का असं प्रत्येक वेळी कोणीतरी विचारतंच, नाही चालणार, त्यात बऱ्याचदा तेल आणि रंग घातलेला असतो, म्हणजे तेल काढायला तेल.

स्क्रूच्या भोवती काळी-निळी रिंग आहे, ती तेलाने गेली नाही.

ते तेल नाहीच. लोखंड, ओलावा आणि लाकडातलं टॅनिन एकत्र आलं की काळी शाई होते, जुनी शाई अशीच बनवायचे. त्याला ऑक्झॅलिक अ‍ॅसिड लागतं, फरशी पॉलिश करणाऱ्यांकडे असतं ते पांढरं मिठासारखं. ते विषारी आहे, हातमोजे घाला, स्वयंपाकघरातला चमचा-वाटी वापरू नका. कोमट पाण्यात थोडं विरघळवून फक्त डागावर ब्रशने लावायचं, डाग फिका झाला की स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा पुसायचं आणि सावलीत चांगलं वाळवायचं.

दसऱ्याच्या पूजेत हळद-कुंकू लागून डाग पडलेत, काय करू?

हा प्रश्न फक्त आपल्याकडेच येत असेल! शस्त्रपूजेला ओलं हळद-कुंकू, वर झेंडूचं फूल, आणि ते तसंच दुसऱ्या दिवसापर्यंत. फूल ओलं असतं, त्याच्याखाली लोखंड गंजतं आणि लाकूड काळवंडतं.

हळदीवर साबण लावू नका. हळद साबणासारख्या अल्कलीत लाल होते, माझ्या बायकोने प्रेमाने साबणाच्या फडक्याने पुसलं आणि पिवळा डाग विटेसारखा लाल झाला, आम्हाला दोघांनाही वाटलं लाकडातून काहीतरी निघालं. उपाय सोपा आहे, स्पिरिट घेतलेल्या कापसाने टिपायचं (घासायचं नाही, आणि पॉलिश चपडीचं म्हणजे लाखेचं असेल तर तेही निघेल हे लक्षात ठेवा) आणि मग नुसत्या पट्टीला थोडं ऊन दाखवायचं, हळदीचा रंग उन्हात उडतो. आता आम्ही गन फडक्यावर ठेवतो आणि हळद-कुंकू फडक्याला लावतो. देवीला काही फरक पडत नसावा.

पट्टीला खळगा पडलाय, पडल्यामुळे. पुटी भरू?

आधी हे बघा की लाकूड दबलंय की उडालंय. दबलं असेल तर वर येतं. सुती फडक्याचा तुकडा ओला करून पिळून खळग्यावर ठेवा आणि इस्त्रीचं टोक किंवा गरम सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंद त्यावर टेकवा, चर्र आवाज येतो, वाफ आत जाते आणि दबलेले रेषे फुगून वर येतात. चार-पाचदा करावं लागतं. वर पॉलिशचा थर असेल तर आधी तो काढायला हवा, नाहीतर वाफ आत शिरणारच नाही. लाकूड उडालंच असेल तर वाफेने काही होणार नाही, मोठा खड्डा असेल तर त्याच जातीच्या लाकडाचा तुकडा रेषे जुळवून बसवणं हाच उपाय, लहान असेल तर सोडून द्या की, त्याला पण काहीतरी गोष्ट असेल.

भेग आहे. फेविक्विक की फेविकॉल?

भेगेवर अवलंबून. केसासारखी बारीक असेल तर पातळ फेविक्विक, कारण ते आपणहून भेगेत ओढलं जातं. आधी तेल काढलेलं असलं पाहिजे, तेलकट लाकडाला काहीच चिकटत नाही. बाहेरच्या बाजूला भेगेच्या दोन्ही कडेने मास्किंग टेप लावा, गोंद आतल्या बाजूने सोडा.

तुकडा पूर्ण सुटलाय तर दोन ट्यूबवालं अराल्डाइट, हळू सुकणारं, आणि दाबून एक अख्खा दिवस. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून गुंडाळली तर कुठल्याही क्लॅम्पपेक्षा सरस, आकार कसाही वेडावाकडा असू दे. साधा पांढरा फेविकॉल मी मुठीला वापरत नाही, घामात आणि आपल्या जुलै-ऑगस्टच्या हवेत तो नरम पडतो.

भेग स्क्रूच्या भोकातून निघाली असेल तर कारण बहुतेक एकच, कोणीतरी जोर लावून आवळलंय. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, पट्टी हलते, लोक स्क्रू घट्ट करतात, पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं आणि त्याला जागा नसते, मग फुटतं. म्हणून जोडल्यावर स्क्रू फक्त टेकेपर्यंत फिरवा, बस्स.

चेकरिंग परत कोरता येतं का?

येतं, पण हे वाचून लगेच सुरू करू नका. चेकरिंग म्हणजे ते बारीक हिऱ्यांचं जाळं, इंचाला साधारण १८ ते २२ रेघा असतात. २० रेघा धरल्या तर दोन रेघांत अंतर सव्वा मिलिमीटर. सव्वा! मी पहिल्यांदा भिंग लावून बसलो तेव्हा श्वास घेतला तरी हात हलत होता.

नव्वद टक्के वेळा कोरायची गरजच नसते, खाचा फक्त मळ, घाम आणि तेलाने भरलेल्या असतात. जुना टूथब्रश अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून खाचेच्या दिशेने घासा, निघणारा काळा लगदा बघून किळस येईल आणि खालून हिरे अख्खे निघतील. खरंच झिजले असतील तर ६० अंशाचं चेकरिंग कटर किंवा अगदी बारीक तिकोनी कानस घेऊन, जुनीच रेघ धरून, हलक्या हाताने, एका दिशेच्या सगळ्या रेघा पूर्ण झाल्यावरच दुसरी दिशा. नवीन रेघ स्वतःच्या मनाने मारायची नाही. आधी टाकाऊ तुकड्यावर दोन रविवार घालवा, मेस्त मला म्हणाला होता की लाकूड तुला ऐकत नाही, तू त्याला ऐक, तेव्हा राग आला होता.

चेकरिंगवर सँडपेपर लागला की खेळ संपला, म्हणून त्याच्या कडेने टेप लावूनच बाकीचं घासा. घासायचंच तर ३२० ने सुरू करून ४०० वर थांबा. धातूला टेकणाऱ्या कडा अजिबात घासू नका, कड खाली गेली की फ्रेम वर दिसते आणि ते परत भरता येत नाही.

तेल कुठलं लावू? घरचं खोबरेल आहे.

गोव्यात प्रत्येक दुखण्यावर खोबरेल, मला माहितीये. पण खोबरेल वाळत नाही. वाळणारी तेलं हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतात, जवसाचं, टंगचं वगैरे, खोबरेल तसंच ओलं राहतं, धूळ धरतं आणि काही महिन्यांनी खवट वास येतो.

मी उकळलेलं जवसाचं तेल म्हणजे बॉइल्ड लिनसीड वापरतो, रंगाच्या दुकानात मिळतं, कच्चं घेऊ नका, ते वाळायला आठवडे घेतं. चार थेंब बोटावर, चोळून चोळून गरम करायचं, दहा-पंधरा मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसून काढायचं, सगळं म्हणजे सगळं. दुसऱ्या दिवशी परत. असे पाच-सहा हात. चेकरिंगमध्ये अगदी थोडं, टूथब्रशने. चिकट राहिलं तर समजा की पुसायला आळस केलात, टर्पेंटाइनने पुसून परत सुरू. विदेशी ट्रू-ऑइल मिळालं तर लवकर वाळतं आणि चमक जास्त येते, मला ती चमक आवडत नाही पण ते माझं मत.

चपडीचं फ्रेंच पॉलिश दिसायला सुंदर, आमच्या जुन्या कपाटांवर तेच आहे, पण मुठीला नको. घामाने पांढरट होतं आणि हाताला सॅनिटायझर असेल तर सरळ विरघळतं. काजूच्या टरफलाचं तेल होडीच्या लाकडाला लावतात म्हणून एकाने मुठीला लावायचं ठरवलं होतं, त्याला वेळेत थांबवलं, कातडी भाजते त्याने. आणि हो, फेणीने साफ करता येत नाही, तिच्यात निम्म्याहून जास्त पाणी असतं. हुर्राकात, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या हलक्या दारूत, तर आणखीच. प्या.

तेलाची फडकी कुठे टाकायची?

हे मजेत घेऊ नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं, फडकी चुरगळून ढिगात टाकली तर ती आपणहून पेटतात, काडी न लावता. एकेक पसरून दोरीवर वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

आतली बाजू दिसत नाही, तिला पण तेल लावायचं?

हो, आणि हेच सगळे विसरतात. बाहेर बंद आणि आत उघडी अशी पट्टी पावसाळ्यात एकाच बाजूने ओलावा पिते आणि वाकते. आत दोन पातळ हात द्या, भोकाच्या आतल्या कडेलासुद्धा कापसाच्या काडीने.

पावसाळ्यात हे काम करावं का?

नाही. डिसेंबर ते एप्रिल. जूनमध्ये तेलाचा हात वाळायला तीन-तीन दिवस घेतो आणि मधल्या वेळात त्याच्यावर बुरशी येते. अगदीच अडलं तर एसी खोलीत.

निवडणुकीला गन पोलिसांकडे जमा केली होती, परत आली तर मुठीवर पांढरी बुरशी.

माझ्याबरोबर पण झालं. २०२४ च्या लोकसभेला आमच्याकडे मतदान ७ मेला, निकाल ४ जूनला, आणि मी आणायला जाईपर्यंत पाऊस धो धो. कुठल्या ठाण्यात ते विचारू नका, त्यांच्यापेक्षा माझीच चूक मोठी होती, मी ती चामड्याच्या होल्स्टरमध्येच घालून दिली होती. चामडं ओलावा धरून ठेवतं, महिनोन्‌महिने त्यात ठेवली की लोखंडाला गंज आणि लाकडाला बुरशी दोन्ही. आता सुती पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून देतो आणि पावतीवर मुठीची अवस्था लिहून घेतो, फोटो पण काढतो.

बुरशी घालवायला स्पिरिटचं फडकं पुरतं, मग सुकवून तेलाचा एक हात. घरात पण तेच, कपाटात होल्स्टरबाहेर, जेलच्या पुड्या महिन्याला तापवून, सुकवून परत.

मुलीच्या एअर पिस्तुलाची मूठ हाताला टोचते, तासली तर स्पर्धेत चालते का?

चालते, हे लोक करतातच, त्या मुठी लाकडाच्या आणि हाताप्रमाणे घडवायच्याच असतात. आंतरराष्ट्रीय नियमात १० मीटर एअर पिस्तूल ४२० × २०० × ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे आणि मुठीचा कुठलाही भाग मनगटाला आधार देता कामा नये, मनगट मोकळं दिसलं पाहिजे. टोचते ती जागा शोधायला तळहाताला थोडी लिपस्टिक लावून मूठ पकडायला सांगा, जिथे दाट ठसा उमटेल तिथेच कानस, एका वेळी अगदी थोडं, मग आठवडाभर शूट करू दे. जिथे पोकळी आहे तिथे लाकडाचा भुसा आणि अराल्डाइट. कोचला विचारल्याशिवाय अंगठ्याच्या बाजूला हात लावू नका.

शंभर वर्षांची आहे, पोर्तुगीज काळातली. चकाचक करू का?

१९७२ च्याच, पण पुरातन वस्तूंच्या वेगळ्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची वस्तू पुरातन धरली जाते. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, एवढंच. जुना पृष्ठभाग गेला की अर्धी किंमत तिथेच गेली, आणि पैशाचं सोडा, ते परत येत नाही.

तुम्ही करून द्याल का? पैसे देतो.

नाही. माझ्याकडे ते लायसन्स नाही आणि तुमची गन माझ्या घरी असणं दोघांनाही परवडणारं नाही. पट्ट्यांचा फोटो दाखवा, पुढून आणि मागून, दिवसाच्या उजेडात. मागचा फोटो लोक पाठवतच नाहीत.